गालावर मोजणाऱ्या बाई

आमच्या शेडमध्ये मायक्रोवेव्ह ओव्हन होता आणि आम्ही मात्र रोज गार डबा खायचो. जालन्याच्या एमआयडीसीत, दोन रोलिंग मिलच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे आम्ही चार-पाच जण. भिंतीपलीकडं लोखंड लाल होऊन राह्यलंय, अलीकडं टेबलावर ओव्हन ठेवलाय, आणि मधे बसून आम्ही थिजलेलं पिठलं खातोय. नवीन आलेलं प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी डबा घेऊन त्या ओव्हनकडं जायचं, आणि बाई जिथं असतील तिथून ओरडायच्या की त्याला हात लावायचा नाही, त्याच्यात जेवण जात नाही. मंग काय जातं, असं त्या माणसानं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. बोर्ड जातो.

बाई म्हणजे आमच्या मालकीण. त्यांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण त्या नावानं त्यांना कुणी हाकच मारायचं नाही. मिलचे कामगार, चहावाला, बँकेचे साहेब, सगळ्यांच्या त्या बाईच. साठीच्या आसपासच्या, अंगानं काटक, सुती साडीवर दोन खिशांचा पुरुषी शर्ट आणि पायात बूट. एका खिशात भिंग, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. त्यांच्या घरची मेंढरं होती. वडील कळप घेऊन गोदाकाठानं फिरायचे आणि ही पोरगी तळावर बसून बापाचा रेडिओ उघडायची, परत जोडायची, म्हणे. पुढं शिकून हैदराबादेला गेल्या, रडारचे बोर्ड करणाऱ्या एका कारखान्यात अर्धी हयात काढली आणि एक दिवस सामान बांधून जालन्याला आल्या. का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, तिथं सगळेच हुशार होते, कटाळा आला.

आता तो ओव्हन. बाईंचं म्हणणं असं की कमी फ्रिक्वेन्सीला बोर्ड कसल्याही मटेरियलचा चालतो, सिग्नल तांब्याच्या पट्टीतून गपगुमान जातो. फ्रिक्वेन्सी वर चढली की मात्र तो नुसता तांब्यात राहत नाही, तांब्याखालच्या शीटमधून, म्हणजे बोर्डाच्या मटेरियलमधूनच वाट काढतो. आणि शीट खादाड असली तर वाटेतच त्याला खाऊन टाकते. खाल्लेलं जातं कुठं? त्याची उष्णता होते. म्हणून शीटच्या तुकड्यावरचं तांबं काढून टाकायचं, पाण्याच्या ग्लासासोबत तो ओव्हनमध्ये जरा वेळ फिरवायचा, बाहेर काढायचा आणि गालाला लावायचा. जेवढा गरम तेवढा खादाड. टीव्हीत, खेळण्यात, सगळीकडं असतो तो हिरवा एफआर-फोर असा तापायचा की गाल झटकन मागं घ्यावा लागायचा. भारीतली शीट गार राहायची. हे खाणं, म्हणजे लॉस, मोजायचं रीतसर यंत्रही होतं आमच्याकडं, बाईंनी ते पोटाला चिमटा घेऊन घेतलेलं होतं. पण ते दुसरं. आधी गाल.

माझी मुलाखतसुद्धा गालावरच झाली. मी डिप्लोमाचे कागद घेऊन गेल्ते, अंबडहून बसनं, आईनं कपाळाला अंगारा लावून पाठवल्तं. बाईंनी कागदांकडं बघितलंसुद्धा नाही. ओव्हनमधून दोन तुकडे काढले, एक माझ्या डाव्या गालाला, एक उजव्या गालाला दाबला आणि कोणता जास्त गरम ते सांग म्हणाल्या. मी घामानं ओली. डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं, शेवटी म्हणाले, बाई, मला तर कळंना. तर बाईंनी टाळीच वाजवली. दोन्ही तुकडे एकाच शीटचे होते. माझ्या आधी आलेल्या तिघांनी छातीठोकपणे डावा-उजवा सांगितल्तं आणि ते घरी गेल्ते. मला दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? तांबं न काढता बोर्ड ओव्हनमध्ये घातला. आतमध्ये अशी आतषबाजी उडाली की मी किंचाळून मागं सरले आणि चहाचा कप सांडला. वाटलं, गेली नोकरी. पण शेडमधले सगळे हसायला लागले आणि एक जण म्हणाला, चला, आज पेढा. बाई बूट घालून खरंच बाहेर गेल्या आणि पेढे घेऊन आल्या. त्यांची ती रीतच होती. ज्याची चूक सापडली त्यानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची, आणि बाईंनी पेढे आणायचे. काम झालं, ऑर्डर आली, मशीन चाललं, त्याला पेढा नाही. काम झालं त्यात काय मोठं, म्हणायच्या, करायलाच बसलोय आपण. चूक मात्र फुकटात काहीतरी शिकवून जाते, तिचं तोंड गोड केलं पाहिजे. माझं पहिल्या महिन्यात वजन वाढलं, एवढंच सांगते.

पुण्याहून शीट विकायला येणारे सेल्सवाले बाईंना टरकून असायचे. टाय-बिय लावलेला माणूस चकचकीत कागद पुढं करायचा, मॅडम, आमच्या मटेरियलचा लॉस बघा किती कमी. बाई विचारायच्या, कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजलाय? तो गडबडायचा. कागदावर अगदी खाली, बारीक अक्षरात, आमच्या कामाच्या कितीतरी खालची फ्रिक्वेन्सी लिहिलेली असायची. मंग बाई त्याला शेंगदाणे देऊन समजावायच्या, "स्थळाचा फोटो आला की आधी इचारायचं, कोणत्या साली काढलाय. तसंच हे." आणि मंग भिंग काढून शीटच्या तांब्याची खालची बाजू बघायच्या. ती खरबरीत असली तरी सिग्नल दमतो, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या अगदी कातडीतून पळतो आणि खरबरीत तांबं म्हणजे त्याला नांगरलेल्या रानातून पळवण्यासारखं. मंग शीट उजेडाला धरून आतल्या काचेच्या धाग्यांची वीण बघायच्या, पैठणी घ्यायला आल्यासारख्या, आणि शेवटी सेल्सवाल्याच्याच गालाला तुकडा लावायच्या. एक बिचारा तर पुढच्या वेळी दाढी करून आला.

लग्नाकार्यात बाईंना नेणं म्हणजे जोखमीचंच काम. आमच्याकडच्या एका लग्नात त्यांनी पंगतीतली ताटली हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि नवरीच्या आईला सांगितलं, ही मेलामाइनची आहे, ओव्हनमध्ये घालू नका, लई तापंल. त्या माउलीला वाटलं, ताटल्यांना नावं ठेवून राह्यल्या. केवढं रामायण झालं असतं! मी बाईंचा हात धरून त्यांना आइस्क्रीमकडं नेलं.

पण आता मुख्य गोष्टीकडं येते, कारण बाई म्हटलं की मला ती सकाळच आठवते आणि अजून अंगावर काटा येतो.

आम्ही बियाण्याचा ओलावा मोजायचं मशीन करत होतो. जालना म्हणजे बियाण्याचं गाव. मिरची, टोमॅटो, काकडी, कशाकशाचं बी इथल्या शेडनेटमध्ये तयार होतं आणि कंपनीच्या गेटवर येतं. मिरचीच्या बियांचा ओलावा आठ टक्क्यांच्या आत पाहिजे. वर गेला की बी साठवणीत मरतं, म्हणून ओला लॉट गेटवरनंच परत. प्रयोगशाळेत वाळवून-तोलून ओलावा काढायला दुसरा दिवस उजाडतो आणि गेटवर तर टेम्पोची रांग. बाईंनी काय केलं, एका बोर्डावर तांब्याचं कडं काढलं, त्यात वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल फिरवला आणि त्याच्यावर बियांचा कप ठेवला. पाणी असलं की कड्याचा सूर, म्हणजे ते ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतं ती, खाली उतरतो. जेवढा उतरला तेवढं बी ओलं. मूठभर बी टाका, लगेच आकडा. पहिल्यांदा आकडा बराबर आला तेव्हा आम्ही शेडमध्ये नाचलो होतो, बाई बूट आपटत सगळ्यांच्या पुढं. पेढा मात्र मिळाला नाही.

या कड्याखाली शीट कोणती घालायची, यावर बाईंनी पूर्ण उन्हाळा घालवला. एफआर-फोर गेला पहिल्याच दिवशी. तो सिग्नलही खातो आणि हवेतलं पाणीही पितो, म्हणजे बियांच्या आधी तोच ओला. बाकीच्या शीट आल्या, तापल्या, गेल्या. शेवटी आली पांढरी शुभ्र टेफ्लॉनची. ओव्हनमधून काढून बाईंनी गालाला लावली आणि त्यांचे डोळेच मिटले. मलाही लावून बघायला दिली. गार. जणू आत गेलीच नव्हती. हिच्याहून कमी लॉस जगात कुठं मिळणार न्हाई, म्हणाल्या आणि ती शीट त्यांनी दिवसभर शर्टात घालून फिरवली. मंग आम्ही ती तापवून बघितली. चाळीस डिग्रीत, पत्र्याखाली, मिलच्या भिंतीला टेकवून. ऊन चढेल तसा सूर थोडा थोडा सरकायचा, अगदी सरळ रेघेत, ती रेघ आम्ही हिशेबातून वजा केली. गार करून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मे महिन्यात जालन्यात बसून थंडीचा विचार कोण करतं हो?

हिवाळ्यात एका बियाणं कंपनीनं ते मशीन गेटवर बसवलं. चाललं तर ठेवू, म्हणाले. आणि नेमकी त्याच हंगामात माझ्या वडीगोद्रीच्या मावशीनं पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट घेतलेला.

मावशी म्हणजे तोफ. काकांनी आयुष्यभर ऊस-कापूस केला, मावशी म्हणाली, मला शेडनेट द्या, दहा गुंठे, मी दाखवते. रोज उठून फुलांना हातानं परागकण लावले, मिरच्या पिकवल्या, बी काढलं, धुतलं, वाळवलं. आणि पहिला लॉट गेटवरनं परत. ओला म्हणे. परत नेला, परत वाळवला, परत आणला. परत ओला. कंपनीचा नियम असा की तिसऱ्यांदा ओला आला तर पुढच्या साली प्लॉट दुसऱ्याला. मावशीचा मला फोन आला तो नमस्कार-चमत्कार काही नाही, थेटच.

"तुझ्या बाईला सांग, माझं बी ओलं न्हाई. तिचं मशीन ओलंय."

मी बाईंना सांगितलं. बाई हसल्या. कॅनॉलच्या पट्ट्यातलं गाव, पहाटे दव पडतं, उघड्या टेम्पोत पोती भिजत असतील, म्हणाल्या. हे पटण्यासारखंच होतं, कारण परत गेलेले सगळे लॉट लांबच्या गावांचेच होते. वडीगोद्रीचा टेम्पो पहाटे निघायचा आणि गेट उघडायच्या आधी येऊन उभा राहायचा. जवळचे लोक आरामात दुपारी यायचे, त्यांचं पास. मावशीच्या डोक्यात वेगळंच, की कंपनी जवळच्यांना धरून आहे. गावात तसं सगळेच बोलायला लागले होते, आणि माझी तर दोन्हीकडून कोंडी. शेडमध्ये बाई, घरी मावशी.

मंग बाईंनीच तोड काढली. मावशीला सांगितलं, या वेळी बी दुपारच्या उन्हात घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, डबा घरात चुलीजवळ ठेवा आणि गेटवर आल्यावरच उघडा. मी स्वतः येते. दवाला आत शिरायला जागाच नाही ठेवायची. तरी आकडा वर आला, तर दव निर्दोष.

जानेवारीतली सकाळ. तोंडातून वाफा निघत होत्या. टेम्पोतून मावशी उतरली, डोक्याला मफलर, कडेवर डबा, लेकरू धरल्यासारखा. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं. बाईही आल्त्या, थंडीत त्यांचा गुडघा धरायचा म्हणून शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून, टॉवेलात गुंडाळून. कंपनीचे मॅनेजर साहेब उभे होते, भला माणूस, पण नियमाचा पक्का. मावशीनं डबा उघडला. बी सोन्यासारखं पिवळं, खळखळ वाजणारं. कपात मूठभर टाकलं.

आकडा नवाच्या वर.

 मावशी एवढी तोफ, पण मफलराचं टोक तोंडात धरून डब्याकडं बघत राहिली. मला वाटलं, जमिनीत गाडून घ्यावं. मॅनेजर साहेब खाली मान घालून म्हणाले, तिसरी वेळ आहे मावशी. रांगेत मागं वडीगोद्रीचेच लोक.

बाई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या डब्याच्या झाकणाची कड बोटानं तपासायला लागल्या, फट आहे का म्हणून, आणि हात मोकळे व्हावेत म्हणून मांडीवरची शेकायची पिशवी उचलून सरळ मशीनवर ठेवली. झाकणात फट नव्हती. झाकण परत केलं आणि सहज वर बघितलं.

आकडा उतरून राह्यला होता.

कपातलं बी तेच. कुणी हात लावलेला नाही. आणि आकडा आपला हळूहळू खाली. आठावर थांबेल वाटलं, तो आठाच्याही खाली गेला आणि साडेसहावर येऊन बसला. रांगेतला एक जण म्हणाला, पिशवीनं बी वाळलं का काय? बाईंनी झटकन पिशवी उचलली. सगळे डोळे लावून बसलो. मशीन गार व्हायला लागलं तसा आकडा परत वर, परत वर, नवाच्या पुढं. पिशवी ठेवली. परत खाली. बाई उठून उभ्या राहिल्या. गुडघा-बिडघा विसरल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा कुणाचा बघितला नाही, लग्नातल्या नवरीचासुद्धा नाही.

"साहेब, बी सुकं हाय. खणखणीत सुकं. मशीन चुकतंय. माझं मशीन."

मॅनेजर साहेब त्यांच्या जवळ गेले, आवाज खाली केला आणि म्हणाले, मॅडम, नीट विचार करा, एवढ्या लोकांसमोर असं म्हणालात तर मला ते आजच काढावं लागेल. परत बसवायचं वचन मी देऊ शकत नाही. त्यांनी तर बाईंना वाट काढून दिली होती. आत चला, बोलू, असं. मलाही वाटलं, बाई, आत चला.

"काढाच! जल्दी काढा, मला ते खोलून बघायचंय."

आणि मंग बाई जे सुटल्या! मला हाताला धरून सांगायला लागल्या, अगं, टेफ्लॉन! एकोणीस डिग्रीच्या खाली त्याची आतली बैठकच बदलते, ते आवळतं, घट्ट होतं, आणि घट्ट झालं की सूर खाली उतरतो, बी ओलं असल्यावर उतरतो तसाच. एकोणीसच्या वर ते सैल पडतं. म्हणून दुपारचे पास आणि सकाळचे नापास! आपण उन्हाळ्यात काढलेली सरळ रेघ खाली थंडीपर्यंत ओढली आणि तिथं तर रेघच मोडते. हैदराबादेत एकानं मला हे सांगितल्तं, आणि मी त्याला म्हणाले होते, आमच्या मराठवाड्यात एकोणीस असतंच कुठं! हे सांगताना त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खदाखदा हसल्या. थंडीत, गेटवर, स्वतःचं मशीन बुडवून. मॅनेजर साहेब बघतच राहिले.

मंग त्यांनी मला पेढे आणायला पिटाळलं. मी गाडी काढून बाजारात गेल्ते, दुकानाचं शटर नुकतंच वर होत होतं. पेढे घेऊन आले तोवर साहेबांनी सकाळच्या टेम्पोतल्या सगळ्यांचं सॅम्पल प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं होतं आणि आधी परत गेलेले लॉटसुद्धा बोलावून घेतो म्हणाले होते. बाई रांगेत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत निघाल्या. लोकांना कळंना. एका म्हाताऱ्यानं विचारलं, लग्न जमलं का कुणाचं? बाई म्हणाल्या, न्हाई दादा, माझी चूक सापडली. तो माझ्याकडं बघायला लागला, की बाईचं डोकं ठिकाणावर हाय ना.

मावशीनं पेढा घेतला नाही. हात मागं घेतला. चुकीचा पेढा मला नको, म्हणाली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. बाईंनी तो पेढा खोक्यात परत ठेवला. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट त्यांना लागली, हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा आकडा आला. मावशीचं बी पास. प्लॉट राहिला. तिनं मला फोन करून सांगितलं, अन् बाईंचं नावसुद्धा काढलं नाही.

मशीन उतरवून आम्ही शेडमध्ये आणलं. बाईंनी जुना फ्रीज विकत घेतला आणि ओव्हनच्या शेजारी ठेवला. आम्हाला किती आनंद झाला, म्हटलं, चला, उन्हाळ्यात गार पाणी तरी मिळेल. बाई ओरडल्या, त्याच्यात पाणी जात न्हाई! आता आमच्याकडं ओव्हनही होता आणि फ्रीजही, आणि आम्ही गार जेवून कोमट पाणी प्यायचो.

आता प्रत्येक शीट आधी फ्रीजमध्ये, मंग ओव्हनमध्ये. शेवटी एक मिळाली, सिरॅमिकची पूड भरलेली, टेफ्लॉन नसलेली. फ्रीजमधून काढली, उन्हात ठेवली, परत फ्रीजमध्ये, तरी सूर जागचा हलंना. आम्ही सगळे खूश. पण बाईंनी ती ओव्हनमधून काढून गालाला लावली आणि त्यांचं तोंड पडलं. कोमट होती. जरा लॉस होता तिच्यात. यंत्र सांगत होतं, एवढा लॉस चालतोय. पण हयातभर सगळ्यात गार शीट तीच खरी म्हणणारी बाई ही. दोन-तीन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मधेच पांढरी टेफ्लॉन काढायच्या, गालाला लावायच्या, परत ठेवायच्या. आम्ही एकमेकांना खुणा करायचो, आज बाईंच्या वाटेला जाऊ नका.

मंग एका दुपारी माझं जेवण चाललेलं असताना आल्या आणि ती कोमट शीट माझ्याच गालाला लावली.

"आमचा बाप म्हणायचा, मेंढरू निवडताना लोकर बघू नको, रोजची चाल बघ. ही जराशी खाती. पर रोज तेवढंच खाती." एवढं बोलून शर्टाच्या खिशातला शेंगदाण्यांचा मूठभर वाटा त्यांनी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि ऑर्डर द्यायला गेल्या.

आता मी पुण्यात असते. आमच्या लॅबमध्ये एवढी महागाची यंत्रं आहेत, तरी नवीन शीट आली की माझा हात आपोआप गालाकडं जातो. माझ्या हाताखालच्या मुली हसतात. हसू द्या. मी त्यांना विचारते, हे मोजलं कुठल्या फ्रिक्वेन्सीला, आणि कुठल्या थंडीत?

तर, मी अजून शेडमध्येच होते तेव्हा, पुढच्या हिवाळ्यात कंपनीनं मशीन परत बसवून बघायचं कबूल केलं. मॅनेजर साहेबांनी वडीगोद्रीच्या लोकांना निरोप दिला होता की यंदा दुपारी आलात तरी चालेल, दुसऱ्या टेम्पोची सोय केलीय. मावशी मुद्दाम पहाटेच्याच टेम्पोनं आली. रांगेत पहिली. थंडी अशी की बोटं वाकंनात. बाई मशीनजवळ उभ्या, शेकायची पिशवी लांब माझ्या हातात, कुणी काही म्हणायला नको म्हणून. मावशीनं स्वतःच्या हातानं कपात बी टाकलं.

सहा आणि वर थोडंसं. बाईंनी पिशवी मागितली, मशीनवर ठेवली. आकडा हलला नाही. काढली. हलला नाही. बाईंनी माझ्याकडं बघून फक्त मान हलवली, पण त्यांचे बूट खाली ठेका धरून राह्यले होते.

मंग मावशीनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि बाईंपुढं धरला. बाईंनी हात जोडले. म्हणाल्या, न्हाई बाई, मशीन बराबर चाललं त्याचा पेढा मी खात न्हाई. पेढा चुकीचा असतोय आमच्यात.

मावशीनं पुडा मागं घेतला नाही.

"चुकीचाच हाय. मागल्या साली तुम्हाला वर्षभर लई शिव्या दिल्त्या मी. मनातल्या मनात, पोरीला बी कळू दिलं न्हाई."

बाईंनी पेढा घेतला, अर्धा तोडून मावशीच्या तोंडात घातला आणि अर्धा आपण खाल्ला.